जंजिऱ्याच्या पायरीवरची कालवं

डिसेंबरातली शाळेची सहल. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून बसने मुरूड. चाळीस पोरं आणि आम्ही तीन शिक्षक. पोरांतल्या बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मी स्वतः समुद्र पाहिला तो बी.एड. झाल्यावर, त्यामुळे त्यांच्या आरडाओरड्याला हसायचा मला हक्क नव्हता. अंबाझरी आणि फुटाळा, एवढंच आम्हा नागपूरकरांचं पाणी.

जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जावं लागतं. अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. मग होडी पायऱ्यांशी हेलकावे खात उभी राहते आणि एकेकाने उडी मारून उतरायचं. आठवीतला एक मुलगा उतरताना घसरला. तोल सावरायला त्याने ओहोटीमुळे उघड्या पडलेल्या खालच्या दगडावर हात टेकला आणि तळहातावर चार-पाच बारीक रेघांतून रक्त आलं. होडीवाला म्हणाला, "दगडाला हात नको लावू बाबा, कालवं कापतात." मी रुमाल बांधला. मुलगा रडला वगैरे नाही. वाकून त्या दगडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ये किसने चिपकाया?"

दुसरा प्रश्न वर बुरुजावर, मोठ्या तोफेपाशी आला. दुसऱ्या एका मुलाने विचारला. "सर, ये किला कोई जीत नहीं पाया ना? मतलब अपना था ना?" आसपासच्या चार पर्यटकांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. टोप्या घातलेली पोरं, दाढीवाला मास्तर. मी पटकन म्हणालो, "आपल्या सगळ्यांचा होता." शिक्षकाकडे उत्तर नसलं की तो हे उत्तर देतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला जंजिरा कसा शिकवावा हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.

परत आल्यावर मी पहिल्या प्रश्नाच्या मागे लागलो. तो सोपा वाटला म्हणून. पण त्याच्या मागे जाता जाता दुसऱ्याचंही थोडं हाती लागलं, म्हणून हे लिहितो आहे.

तर, कोणी चिकटवलं नाही. ते स्वतःच येऊन चिकटलं.

दगड, लाकूड, लोखंड, काँक्रीट, काहीही समुद्राच्या पाण्यात उतरवा. पहिल्या काही मिनिटांत पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा त्यावर बसतो. काही तासांत जिवाणू येतात आणि चिकट थर करतात. दोन-चार दिवसांत डायॅटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती. आता हात लावला तर पृष्ठभाग बुळबुळीत लागतो. मग शेवाळाचे बीजाणू, आणि त्यांच्या मागोमाग प्राण्यांची पिल्लं: बार्नाकल, कालव, शिनाणे, चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे. हा क्रम रेल्वेच्या वेळापत्रकासारखा नाही. कधी कोणी आधी येतं, कोणी मागे राहतं. पण साधारण असंच.

यातलं बार्नाकल मला सगळ्यात आवडलं. दिसतं शिंपल्यासारखं, पण आहे कोळंबी-खेकड्याच्या कुळातलं. मुलाचा हात कापला तो कालवांनी, असं होडीवाला म्हणाला. पण त्या दगडावर पांढऱ्या, टोकदार, चिमुकल्या ज्वालामुखीसारखी बार्नाकलंही गच्च होती, आणि त्यांच्या कडा काही कमी धारदार नसतात. बार्नाकलचं बालपण पाण्यात तरंगण्यात जातं. शेवटच्या अवस्थेतलं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि त्या अवस्थेत ते काही खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर जगतं आणि एकच काम करतं, जागा शोधतं. पुढच्या दोन मिशांवर ते पृष्ठभागावरून अक्षरशः चालतं. चाचपतं, सोडून जातं, दुसरीकडे उतरतं. आधी आपल्या जातीचं कोणी तिथे राहिलं आहे का, हे त्याला तिथल्या रसायनांवरून कळतं, आणि राहिलं असेल तर ते तिथे किंवा शेजारीच ठाण मांडतं. कारण उघड आहे. जिथे मोठे जगले तिथे आपणही जगू, आणि पुढे जोडीला शेजारी लागणारच. एकदा ठरलं की डोक्याच्या बाजूने स्वतःला पाण्याखालीच घट्ट होणाऱ्या डिंकाने चिकटवायचं, भोवती चुन्याचं घर बांधायचं आणि उरलेलं आयुष्य डोक्यावर उभं राहून पायांनी अन्न तोंडात ओढायचं. जागा बदलणं नाही.

भाड्याचं घर शोधणाऱ्या आमच्या माणसालाही ही पद्धत ठाऊक आहे. आधी आपले कुठे राहतात ते बघायचं. मोमिनपुऱ्यात खोल्या इतक्या दाटीने का आहेत, हा मात्र वेगळ्या लेखाचा विषय.

चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यावर घालवली. आज उष्ण प्रदेशांतल्या बंदरांमध्ये सर्रास सापडणाऱ्या एका बार्नाकलचं वर्णन त्यानेच १८५४ मध्ये केलं. आपल्याकडे गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथल्या संशोधकांनी मांडवी-झुआरीच्या पाण्यातल्या याच बार्नाकलचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरलं की यांचे हाल होतात, पाऊस सरला आणि पाणी पुन्हा खारट झालं की नवी पिढी बसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक. समुद्राच्या तळाचा मोठा भाग चिखल आणि वाळू आहे, त्यावर चिकटता येत नाही. कठीण पृष्ठभाग ही समुद्रातली दुर्मीळ दौलत. म्हणून माणसाने पाण्यात काहीही बांधलं, धक्का, खांब, किल्ल्याची भिंत, की त्यावर गर्दी उसळते. जंजिऱ्याच्या भिंतीवर ती शेकडो वर्षं आहे, आणि भिंतीला त्याचं फारसं काही वाटत नाही. किल्ला जागचा हलत नाही. जहाज हलतं. खरा इतिहास तिथे सुरू होतो.

जहाजाच्या पोटाला ही मंडळी बसली की पाणी त्याला मागे ओढतं. शिडाच्या काळात वेग म्हणजे जीव. पळणारा वाचायचा तो वेगामुळे, पाठलाग करणारा जिंकायचा तोही वेगामुळे. आणि बार्नाकल निदान बाहेर बसतं. टेरेडो नावाचा प्राणी लाकडाच्या आत जातो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला. बाहेरून सुईच्या टोकाएवढं भोक, आत बोटाएवढे बोगदे. कोलंबसाची चौथ्या सफरीतली जहाजं या प्राण्याने चाळणी केली आणि १५०३ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर टाकून द्यावी लागली. मोठमोठे दर्यावर्दी असे पाण्याखालून हरले आहेत.

आपल्या किनाऱ्याला हे शत्रू फार आधीपासून माहीत होते. जंजिऱ्याच्या उत्तरेला चौल आहे. अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. अल्-मसूदी तिथे हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास आला आणि त्याने लिहून ठेवलं की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि काही इथेच जन्मलेले. ती सगळी वस्ती ज्या जहाजांवर उभी होती ती खिळ्यांची नव्हती, शिवलेली होती. काथ्याने फळीला फळी शिवायची. अंदलूसचा प्रवासी इब्न जुबैर हजला जाताना ११८३ मध्ये तांबड्या समुद्रावरच्या ऐझाब बंदरात थांबला. त्याने तिथली शिवलेली जहाजं पाहिली आणि नोंदवलं की त्यांचं लाकूड आणि काथ्या हिंदुस्तान नि येमेनमधून येतात, आणि त्यांना तूप, एरंडेल किंवा मुशी माशाचं तेल चोपडतात, त्यात मुशीचं तेल सर्वांत उत्तम. त्याच्या मते हे फळ्या मऊ राहाव्यात म्हणून, खडकावर आपटल्या तर तडकू नयेत म्हणून. पाण्याखालच्या भागाला मात्र दुसरं औषध होतं: चरबीत कालवलेला चुना. अरबी जहाजांवर ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९३८-३९ मध्ये कुवेतच्या जहाजातून फिरलेल्या ॲलन व्हिलियर्सने खलाशांना हाताने हे लेपन करताना पाहिलं आहे.

आपल्याकडच्या लेपात तेल आणि चुना असे. १८६७ च्या एका इंग्रजी नाविक शब्दकोशात 'गलगल' असा शब्द दिला आहे. अर्थ: समुद्री शिंपल्यांची पूड तेलात मळून केलेला लेप, जो दगडासारखा घट्ट होतो आणि हिंदुस्तानात जहाजाच्या बुडाला लावतात, म्हणजे किडा आत शिरत नाही. शिंपल्यांना अडवायला शिंपल्यांचीच पूड. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ हसलो.

भाषेचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जंजिरा म्हणजे अरबी 'जज़ीरा', बेट. नाखवा म्हणजे फारसी 'नाख़ुदा', नावेचा धनी. हे आडनाव आज कोळ्यांतही आहे आणि कोकणी मुसलमानांत 'नाखुदा' म्हणूनही. बंदर फारसी. खलाशी अरबीतून आलेला. हे शब्द कोणी हुकूम काढून मराठीत आणलेले नाहीत. बंदरात ये-जा करणाऱ्यांच्या जिभेवरून ते आले आणि राहिले.

आता लेप कितीही चांगला असो, तो झिजतो. वर्षातून एकदा तरी जहाज पाण्याबाहेर काढून, आडवं कलंडवून, खरवडून, आगीच्या धगीने शेकून पुन्हा माखावं लागतंच. कोकणात त्यासाठी वेळ निसर्गानेच ठरवून दिलेली, पावसाळा. वादळामुळे समुद्र बंद, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, शाकारून ठेवायच्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास खरवडलेल्या, माखलेल्या बुडाने पुन्हा पाण्यात. ज्यांना ओढून काढणं जमत नसे ते गलबत वर खाडीत गोड्या पाण्यात नेऊन ठेवत. खाऱ्या पाण्यातली बार्नाकलं तिथे मरतात. सिद्दीचं आरमार असो की मराठ्यांचं, वर्षातले हे तीन-चार महिने दोघांचंही पोट वर असायचं.

इथे मला माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं टोक सापडलं. १६७० नंतर जंजिऱ्याचे सिद्दी मुघलांचे आरमारप्रमुख झाले, सुरतेहून जेद्दाला जाणाऱ्या हजच्या जहाजांचं रक्षण हे त्यांचं मोठं काम. पावसाळ्यात त्यांचा तांडा मुंबईत, माझगावला मुक्काम करी. कंपनीच्या इंग्रजांना ते आवडत नसे, पण मुघलांना नाही म्हणायची हिंमतही नसे. आरमाराला सगळ्यात दुबळं कधी गाठायचं हे शिवाजी महाराजांना नेमकं कळत होतं. १६७८ च्या पावसाळ्यात त्यांनी माझगावला लागलेली सिद्दीची जहाजं जाळण्यासाठी आपले सरदार पनवेलला पाठवले. ती मोहीम साधली नाही. पुढच्याच वर्षी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, आणि इंग्रज नि सिद्दी दोघे मिळूनही त्यांना तिथून हटवू शकले नाहीत.

पनवेलला गेलेल्या त्या सरदारांपैकी एकाचं नाव दौलतखान.

सिद्दीही मुसलमान, ज्याला त्यांची जहाजं जाळायला पाठवलं तोही मुसलमान. जंजिऱ्याच्या समोर महाराजांनी पद्मदुर्ग उभारला, तेव्हा तिथे वेळेवर रसद पोहोचवली नाही म्हणून महाराजांनी आपल्या एका ब्राह्मण सुभेदाराला कडक पत्र लिहिलं होतं. ती रसद दौलतखान आणि दर्यासारंग यांच्यासाठी होती. हे सगळं पाठ्यपुस्तकात नसतं असं नाही, असतं. पण पोरांच्या कानावर रस्त्यावरून जे येतं ते जास्त मोठ्याने येतं. "अपना था ना?" या प्रश्नात 'अपना' म्हणजे कोण, हे त्या मुलाने ठरवलेलं नव्हतं. ते त्याला बाहेरून मिळालं होतं. वर्गात मी त्याला एवढंच विचारलं: तू १६७८ मध्ये कोकणात जन्मला असतास तर कोणाचं जहाज खरवडत बसला असतास? तो विचार करून म्हणाला, "जो पैसा देता उसका." वर्ग हसला. मला वाटतं, उत्तर बरोबर होतं. तोफा डागणाऱ्यांची नावं बखरीत आहेत. चिखलात उभं राहून बुडं खरवडणाऱ्या कोळी, भंडारी, दालदी माणसांची नाहीत.

आंग्र्यांनी पावसाळ्यावर अवलंबून राहणं कमी केलं. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीत, गिर्ये गावाशी, खडक फोडून तयार केलेली त्यांची गोदी आजही आहे, तीनशे फुटांहून अधिक लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला बूड उघडं. मुंबईत १७५० मध्ये कंपनीने सुकी गोदी बांधली. सुरतेहून आलेले पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया तिथले मुख्य कारागीर. वाडियांची जहाजं सागवानाची. आमच्या आलापल्लीच्या जंगलात उभं असतं तेच झाड. सागवानात तेल असतं, टेरेडो त्याला एवढ्या सहज पोखरत नाही. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

पण सागवानही पुरेसं नव्हतं, म्हणून त्यावर तांब्याचे पत्रे आले. इंग्रजांनी १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजावर हा प्रयोग केला. बूड स्वच्छ राहिलं, पण पत्र्याशेजारचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात गळून गेले. पुढे तांबंच झिजू लागलं म्हणून तक्रारी आल्या आणि काम थेट हम्फ्री डेव्हीकडे गेलं. १८२४ मध्ये त्याने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजणं थांबलं. डेव्ही खूश. जहाजं समुद्रावर गेली आणि परत आली तेव्हा चकचकीत तांब्यावर बार्नाकलांची बाग फुललेली. तांबं झिजत होतं, विरघळत होतं, म्हणूनच ते विषारी होतं आणि म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. ते वाचवलं की जहाज गेलं. वर्षभरातच तो उपाय काढून टाकावा लागला. विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट सांगायला हवी, पण विज्ञान माझ्याकडे नाही.

माझे नाना साठच्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग धक्का. ते हजबद्दल कमी आणि जहाजाबद्दल जास्त बोलायचे. जेद्दाहून परतल्यावर सामान उतरून जहाज हलकं झालं, पाण्यातून वर आलं आणि एरवी पाण्याखाली असणारा लाल पट्टा दिसू लागला. त्यावर हिरवी लव लोंबत होती. नाना शेजाऱ्याला म्हणाले, "देखो, जहाज बी हाजी हो गया, दाढ़ी रख के आया." हा विनोद आमच्या घरात तीन पिढ्या चालला. ती दाढी शेवाळाची होती हे मला आत्ता कळलं.

लोखंडी जहाजाला तांब्याचा पत्रा चालत नाही, लोखंडच खाल्लं जातं, म्हणून विषारी रंग आले. त्यातला सगळ्यात जालीम म्हणजे कथिलाचं एक संयुग, टीबीटी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर वापरलं गेलं. मग कळलं की ते बुडालाच चिकटून राहत नाही. बंदरातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, फ्रान्समध्ये कालवांची शेती बसली. २००१ मध्ये त्यावर बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ मध्ये तो अमलात आला. तारापूरच्या अणुवीज केंद्राला थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात, तिथेही नळांत हीच मंडळी बसू पाहतात. त्यांना क्लोरीनने थोपवावं लागतं. लढाई बंद झालेली नाही.

याच वाचनात एक शब्द मला टोचला. कॅरिबियन समुद्राकडचा एक छोटा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला. जहाजांना चिकटूनच तो आला असणार. १९७५ मध्ये करंडे आणि मेनन या संशोधकांनी तो मुंबईतही आल्याचं लिहिलं. त्यांची नौदल प्रयोगशाळा तेव्हा मुंबईच्या गोदीत होती, पुढे ती अंबरनाथला गेली. शिंपला गच्च थर करतो आणि इथल्या जातींची जागा घेतो, त्यामुळे काळजी रास्त आहे. पण अशा प्राण्यांवरच्या मराठी बातम्यांत हमखास 'घुसखोर' म्हणतात, आणि हा शब्द आता आपण शिंपल्यापुरता ठेवलेला नाही. मी वर्गात 'परका शिंपला' म्हणतो. शिंपला शिंपला आहे, माणूस माणूस आहे. अल्-मसूदीच्या सैमूरमध्ये इथे जन्मलेली जी मुलं होती, त्यांच्यासाठी हा शब्द कोणी वापरल्याचं मला दिसलं नाही.

गेल्या काही वर्षांत उलटं काहीतरी घडू लागलं आहे. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. जे चिकटतं ते जपायचं म्हणून. आणि २०२५ मध्ये पोलंडमध्ये बांधलेली नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' महाराष्ट्र पर्यटन महामंडळाकडे आली. ती विजयदुर्गला आणली गेली, आंग्र्यांच्या गोदीच्या शेजारीच म्हणायचं. सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात बुडवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळभित्ती वाढू द्यायची आणि लोकांना ती पाण्याखाली दाखवायची, अशी योजना. जिचं बूड इतकी वर्षं खरवडलं, रंगवलं, तीच आता या मंडळींना राहायला द्यायची.

हे मी दहावीच्या वर्गात सांगितलं. तळहात कापलेला मुलगा आता दहावीत आहे. म्हणाला, "सर, उस जहाज पे सबसे पहले कौन आएगा?"

मी फळ्यावर क्रम लिहिला होता, तो दाखवला. आधी पापुद्रा, मग जिवाणू.

त्याला ते पटलं नाही. त्याने उजवा हात वर केला आणि तळव्यावरची पांढरी रेघ मला दाखवली.